कीबोर्डवर बाराच बटणं, मग एफ१४ कुठून दाबायचं?

प्रश्न : आमच्या कारखान्यातल्या साठ्याच्या नोंदी अजून आयबीएमच्या एएस/४०० या जुन्या संगणकावर होतात. हिरव्या अक्षरांच्या स्क्रीनवर तळाला ‘एफ१४’ असं लिहिलेलं येतं. कीबोर्ड मात्र एफ१२ वर संपतो. आणि एफ३ दाबलं की थेट बाहेरच पडतो. विंडोजमध्ये एफ३ने शोध लागतो, मग इथे वेगळं का?

उत्तर : आकड्यातून १२ वजा करा आणि शिफ्ट धरून उरलेलं बटण दाबा. एफ१४ म्हणजे शिफ्ट-एफ२. एफ२४ म्हणजे शिफ्ट-एफ१२. स्क्रीनवर न मावलेल्या बटणांची नावं बहुधा त्यानेच दिसतात. अशा संगणकाला जोडलेल्या टर्मिनलांसाठी, म्हणजे स्क्रीन-कीबोर्डच्या जोड्यांसाठी, १२२ बटणांचे कीबोर्ड होते, त्यांवर वरती दोन ओळींत २४ एफ-बटणं असत. १९८१च्या आयबीएम पीसीला दहाच होती, तीही डावीकडे दोन उभ्या रांगांत.

एफ३चा अर्थ आयबीएमच्या १९८७च्या सीयूए या, कोणत्या बटणाने काय व्हावं ते ठरवणाऱ्या नियमावलीतला आहे : एफ१ मदत, एफ३ बाहेर, एफ१२ रद्द. त्यातलं एफ१ विंडोजने ठेवलं, एफ३ नाही. डॉसवरच्या वर्डपरफेक्ट ५.१ या लेखनाच्या प्रोग्राममध्ये तर एफ३ म्हणजे मदत आणि एफ७ म्हणजे बाहेर!

तुमच्या कामात एफ३ आणि एफ१२ यांतला फरक पक्का करा. एफ१२ एकच पडदा मागे नेतं, एफ३ त्या कामातूनच बाहेर काढतं. एंटर न दाबता नुसतं टाइप केलेलं दोन्हींत पुसलं जातं. एफ५नेही जातं, कारण ते पडदा पुन्हा मूळ आकड्यांसह भरतं. दहा ओळी भरून झाल्यावर चुकून एफ५ दाबणं फार महागात पडतं.

लॅपटॉपवर शिफ्ट-एफ२ने आवाज किंवा उजेड बदलत असेल, तर एफएनही सोबत धरा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन-एस्केपने हे कायमचं बदलतं. नाही बदललं तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, पर्याय शोधा. तरीही एफ१४ चालत नसेल, तर एम्युलेटरच्या, म्हणजे पीसीवर ही हिरवी स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, कीबोर्ड मांडणीत ते कुठल्या बटणाला जोडलंय ते तपासा.

एकही एफ-बटण चालेना, तर आधी कर्सर पाहा. जिथे लिहिता येत नाही अशा जागी अक्षर टाइप झालं की कीबोर्ड अडकतो. अशा वेळी रीसेट द्यायचं. अनेक एम्युलेटरमध्ये ते डाव्या कंट्रोलवर असतं.