"पोट दिसतच नाही गं तुझं!"

"मॅडम, जो तो म्हणतो पोट दिसतच नाही. बाळ वाढत नसेल का हो?" हा प्रश्न दवाखान्यातल्या आमच्या खोलीत सतत येतो. परवा विचारणारीच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. एका ओळीखाली पेनाने इतक्यांदा रेघ ओढलेली की कागद फाटायला आला होता: वजन दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली. 32 वा आठवडा. "सुरुवातीला उलट्यांमुळे नीट जेवलेच नाही. त्यामुळेच ना?"

नाही. नेहमीच्या उलट्यांनी असं सहसा होत नाही, हे आधी सांगितलं.

लोकांच्या नजरेचं सोडा. पोट किती दिसतं ते उंची-बांध्यावरही असतं. 24 आठवड्यांनंतर टेपने मोजलेली गर्भाशयाची उंची साधारण आठवड्यांइतकेच सेंटिमीटर भरते. हिची 28 भरली, म्हणून तर सोनोग्राफी झाली.

आता पर्सेंटाइल. तितक्याच आठवड्यांची शंभर बाळं वजनाने ओळीत लावली, तर दहा त्या रेषेखाली असणारच, आणि त्यातली बरीच नुसती लहान चणीची, आई-वडिलांवर गेलेली. खरा प्रश्न वाढ मंदावली का, हा. ते एका रिपोर्टवरून कळत नाही. तिला तीन दिवसांत पुन्हा सोनोग्राफी हवी होती. पण मशीनचा वजनाचा अंदाज 10-15 टक्के इकडेतिकडे होतो, म्हणून वाढ बघायला निदान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. तोवर डॉप्लरने नाळेतला रक्तप्रवाह बघतात. बाळाच्या पोटाच्या घेरावरही डॉक्टरांचं लक्ष असतं: वारेतून, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटातून, कमी मिळू लागलं की बाळ रक्त मेंदूकडे वळवतं, यकृतातला साठा आटतो आणि घेर मागे पडतो.

ते दोन आठवडे फार जड जातात. मी तिला एकच काम दिलं: बाळाची रोजची हालचाल ओळखून ठेव. कमी वाटली तर गोड खाऊन वाट बघत बसायचं नाही. रात्र असली तरी थेट दवाखाना.

दुसऱ्या सोनोग्राफीत वजन वाढलेलं होतं, पण पोटाचा घेर मागे पडला होता. डॉप्लर ठीक. मग दर आठवड्याला तपासणी, आणि 37 व्या आठवड्यात प्रसूती. बाळ 2 किलो 100 ग्रॅम, रडका आवाज खणखणीत. वार मात्र लहान निघाली.

"म्हणजे ते माझ्या खाण्याचं नव्हतंच!" ती म्हणाली. महिनाभर मी दुसरं काय सांगत होते! पण माझ्या शब्दापेक्षा वारेचा शब्द मोठा ठरला.