लाल शेपटीच्या गप्पीची पिल्ले वेगळ्या रंगाची का?

प्रश्न : सीताबर्डीहून लाल शेपटीच्या गप्पींची जोडी आणली. झालेल्या पिल्लांपैकी एकाही नरावर बापाचा रंग उतरला नाही. कुणाच्या शेपटीवर काळे ठिपके, कुणाच्या अंगावर निळी झाक, आणि माद्या सगळ्या करड्या. मे महिन्यात मूळ नरही फिका पडला. दुकानदाराने रंग टोचलेले मासे दिले असतील का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : काचमाशासारख्या पारदर्शक माशांना रंग टोचून विकण्याचा वाईट प्रकार बाजारात चालतो हे खरे, पण तुमच्या तक्रारीचे कारण बहुधा त्याहून साधे आहे. दुकानात नर-माद्या एकाच टाकीत असतात आणि गप्पीची मादी एकदा मीलन झाल्यावर शुक्राणू काही महिने पोटात साठवून ठेवते, त्यामुळे घरी आणल्यावर महिन्या-महिन्याने होणारी पिल्लेही दुकानातल्याच नरांची असू शकतात. तुम्ही ज्याला बाप समजता, त्याचा त्यांच्याशी संबंधच नसेल.

भावाभावांतील फरकही तेच सुचवतो. नराच्या रंगाची अनेक जनुके फक्त नरात असणाऱ्या वाय गुणसूत्रावर असल्यामुळे ते रंग बापाकडून थेट नर पिल्लांकडे जातात. डेन्मार्कचे जीवशास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये पाठीच्या परावरील एका काळ्या ठिपक्याच्या बाबतीत हे दाखवून दिले होते. अर्थात सगळेच रंग वायवर नसतात. काही नर-मादी दोघांतही असणाऱ्या एक्स गुणसूत्रावरही असतात, आणि ते खुलायला नर संप्रेरक लागत असल्याने मादी ते बाळगूनही करडीच दिसते. म्हणून मादी निवडताना तिच्या रूपापेक्षा तिचे भाऊ कसे आहेत हे पाहावे. लाल वाण टिकवायचा असेल, तर पिल्ले तीन-चार आठवड्यांची होण्याआधीच नर वेगळे काढावेत. नराचा पोटाखालचा मागचा पर निमुळता होऊन काडीसारखा दिसू लागतो, ती खूण रंगाच्याही आधी दिसते. डासांच्या अळ्यांसाठी विहिरीत सोडलेले गप्पी याच जातीचे असतात, तेही या टाकीत टाकू नयेत.

फिकेपणाची गोष्ट निराळी. लाल-नारिंगी छटेतील कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्ये माशाला स्वतः तयार करता येत नाहीत, ती खाद्यातूनच मिळावी लागतात. निव्वळ कोरड्या कणांवर ठेवलेल्या नराला अधूनमधून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील बारीक कोळंबीसारखे जीव) किंवा स्पिरुलिना (एक सूक्ष्म शेवाळ) असलेले खाद्य द्यावे. निळी झाक मात्र खाद्याने वाढत नाही, कारण ती त्वचेतील ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या चकचकीत स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. त्यातच नागपूरचा मे महिना! पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा पाण्यातील प्राणवायू घटतो आणि ताणाखालचा मासा रंग आवरतो. टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, हवेचा पंप चालू ठेवावा आणि पाणी २८ अंशांच्या आसपास राहील असे पाहावे. मात्र बर्फ थेट पाण्यात टाकू नये, तापमान एकदम उतरलेले गप्पीला सोसत नाही.