लग्नाच्या रील्ससाठी १,३४,९०० चा फोन: घ्या, पण हा नको आणि आत्ता नको

कराडहून २६ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलंय. खासगी कंपनीत नोकरी, हातात पगार २४,०००. सुट्टीच्या आणि मुहूर्ताच्या दिवशी ते लग्नांच्या रील्स करतात. हळदीपासून वरातीपर्यंत सगळं फोनवर शूट करायचं आणि त्याच रात्री नवरानवरीच्या हातात तयार रील द्यायची. एका लग्नाचे ७,००० मिळतात. स्वतःकडे तसा फोन नाही, म्हणून कोल्हापुरातून दिवसाला १,२०० रुपये भाड्यानं आयफोन आणतात. गेल्या सराईत १४ ऑर्डरी झाल्या. दोन हातच्या सोडाव्या लागल्या, कारण त्या मुहूर्ताला भाड्याचा फोनच शिल्लक नव्हता. आता त्यांना आयफोन १७ प्रो घ्यायचाय, क्रेडिट कार्डावर २४ महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांनी. नाहीतर घरातली १,२०,००० ची मुदत ठेव मोडायचीही तयारी आहे. त्यांचा प्रश्न असा: “घरचे म्हणतात हा नाद आहे, मी म्हणतो गुंतवणूक आहे. तुम्ही काय म्हणता?”

नाद नाही, हे आधी सांगतो. पत्र घरच्यांना वाचून दाखवणार असाल तर हे वाक्य जरूर वाचा. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं आपल्याकडे रील्स सुरू केल्या, आणि बघता बघता लग्नाच्या फोटोग्राफरशेजारी फोन घेऊन फिरणारा दुसरा माणूस उभा राहिला. अल्बम यायला दोन महिने लागतात आणि स्टेटस त्याच रात्री टाकायचं असतं. त्या मधल्या वेळेचे पैसे लोक तुम्हाला देतात. नोकरी सांभाळून एका सराईत १४ घरांनी तुम्हाला बोलावलं, म्हणजे धंदा आहे. म्हणूनच धंद्याचा हिशेब लावून बघू.

एका लग्नात तुमच्याकडे काय उरतं ते तुम्हीच लिहिलंय. ७,००० मधून फोनचं भाडं १,२००, मदतनीस मुलाला १,०००, पेट्रोल आणि चहापाणी ६००. उरले ४,२००. स्वतःचा फोन आला की वाचणार ते भाड्याचे १,२००. गेल्या वर्षीच्या १४ ऑर्डरींवर हे १६,८०० होतात. त्यात सुटलेल्या दोन ऑर्डरींचे प्रत्येकी ५,४०० प्रमाणे १०,८०० धरा, कारण स्वतःचा फोन असता तर त्या सुटल्या नसत्या आणि भाडंही गेलं नसतं. एकूण २७,६००. स्वतःच्या फोनमुळे वर्षाला तुमच्या पदरात पडणारी रक्कम एवढी. फोनचा वर्षाचा खर्च याच्या खाली बसला तर घ्यायचा, वर गेला तर नाही.

फोनचा खर्च काढताना दुकानातली किंमत आणि विकताना हातात येणारी किंमत यांतला फरक बघायचा. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. कोल्हापुरात सेकंडहँड १५ प्रो ५८,००० ला मिळतोय, असं तुम्ही लिहिता. हा १५ प्रो सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत होती १,३४,९००. आज तुम्ही १७ प्रोला मोजायला निघालात तीच. दुकानदार ५८,००० ला विकतोय म्हणजे मूळ मालकाला ५०,००० च्या आसपासच मिळाले असणार. तुमच्या फोनचे दोन वर्षांनी ६०,००० आले असं जरा हात सैल सोडून धरू. घट ७४,९००.

त्यावर हप्त्याचा खर्च. ‘नो-कॉस्ट’ या शब्दावर जाऊ नका. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसतेच, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. होतं असं की बँक नेहमीसारखं व्याज लावते, तेवढी सूट कंपनी किंवा दुकानदार किमतीत आधीच देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या बिलात येतो. कार्डाचा दर १६ टक्के धरला तर दोन वर्षांचं व्याज होतं साधारण २०,१००, आणि त्यावरचा जीएसटी ३,६००. प्रोसेसिंग फी दोनशे-अडीचशे. शिवाय दुकानदार रोखीनं ४,००० कमी करायला तयार होता, ते गेले. सगळे मिळून ७,८०० च्या आसपास. खरं सांगायचं तर दोन वर्षांच्या उधारीला हा आकडा फार मोठा नाही. या सौद्यात मला व्याजाची भीती नाही.

तर घट ७४,९०० आणि हप्त्याचे ७,८००, मिळून ८२,७००. वर्षाला ४१,३५०. समोर तुमचे २७,६००. प्रो बसत नाही.

आता साधा आयफोन १७ घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ८२,९०० ला आला, २५६ जीबीमध्ये. दोन वर्षांनी ४२,००० आले तर घट ४०,९००, वर्षाला २०,४५०. हा बसतो, आणि गेल्या सराईइतक्याच ऑर्डरींवर बसतो. सेकंडहँड १५ प्रोचाही हिशेब करून पाहिला. ५८,००० ला घेऊन २८,००० ला विकला, मध्ये बॅटरी आणि किरकोळ दुरुस्तीचे ८,००० धरले, तर वर्षाला १९,००० पडतात. साध्या १७ पेक्षा जेमतेम दीड हजार कमी. एवढ्यासाठी वॉरंटी नसलेला फोन मी तुम्हाला घेऊ देणार नाही. तरी मन तिकडेच ओढलं तर दुकानातच *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा, म्हणजे चोरीचा किंवा ब्लॉक केलेला नाही हे कळेल. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली कोणता भाग बदललाय तेही दिसतं. आणि आधीच्या मालकाचं खातं फोनमधून पूर्ण निघाल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रोच्या बाजूनं तुम्ही दोन मुद्दे मांडलेत. पहिला लांबच्या लेन्सचा. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टका चालू आहेत, पुढं फोटोग्राफर आणि मामेमंडळींची भिंत, आणि तुम्हाला मागून नवरीचा चेहरा हवाय. प्रोची चारपट झूम तिथं खरंच कामाला येते, हे मान्य. साध्या १७ वर दुपटीपर्यंत चित्र चांगलं राहतं, म्हणजे तुम्हाला चार पावलं पुढं जावं लागेल आणि फोटोग्राफरशी आधी बोलून जागा ठरवावी लागेल. त्या चार पावलांसाठी ५२,००० जास्त मोजायचे का, एवढाच प्रश्न आहे. माझं उत्तर नाही.

दुसरा मुद्दा प्रोरेसचा, म्हणजे चित्र फारसं न दाबता साठवणाऱ्या व्हिडिओ पद्धतीचा. त्यात फोर-केचं एक मिनिट साधारण ६ जीबी खातं. दहा मिनिटांत ६० जीबी. नेहमीच्या पद्धतीनं फोर-के ६० फ्रेमला मिनिटाला ४०० एमबी लागतात, म्हणजे दोन तासांचं शूटिंग ४८ जीबीत बसतं. आणि शेवटी रील दिसते ती १०८० पिक्सेल रुंदीचीच. रंगाचं बारीक काम करून सिनेमासारखी फिल्म देणार असाल तर गोष्ट वेगळी, पण त्याचे ७,००० घ्यायचे नसतात. उलट एक चांगला वायरलेस माइक, एक लाइट आणि दोन पॉवर बँक यांवर दहा-एक हजार घातलेत तर फरक ग्राहकाला पहिल्या रीलमध्येच कळेल. नवरीच्या आजीचं बोलणं ढोलाच्या आवाजात हरवतं, तिथं लेन्स काही करू शकत नाही.

आता ज्याची मला खरी भीती आहे ते. पगारातून घरी १४,००० देता, गाडीचा हप्ता ३,२००, जाणं-येणं, डबा, रिचार्ज धरून ४,०००. महिन्याला उरतात २,८००. प्रोचा हप्ता ५,६२१. दर महिन्याला कमी पडणारे २,८२१ लग्नांमधून यायचेत. यंदाचं पंचांग बघा. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ. मे महिना म्हणजे तुमच्या धंद्याचा कणा, आणि त्याचा निम्मा भाग यंदा मुहूर्ताविना जाणार. मग जेमतेम सव्वा महिना मिळेल आणि २५ जुलैला आषाढी, की चातुर्मास. थेट तुळशीच्या लग्नापर्यंत, नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत थांबायचं. हल्ली काढीव मुहूर्तांवर लग्नं होतात हे खरं, पण गावाकडचं गिऱ्हाईक अजून त्याला राजी नसतं, आणि तुमचं बरंचसं गिऱ्हाईक गावाकडचं आहे. लग्नं थांबली म्हणून कार्डाचा हप्ता थांबत नाही. नुसत्या चातुर्मासातच अकरा हजारांहून जास्त कमी पडतात. एक हप्ता थकला की कार्ड महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतं, त्यावर पुन्हा जीएसटी आणि विलंब शुल्क, आणि तुमच्या नावाच्या क्रेडिट नोंदीवर डाग. उद्या दुकानासाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा तो डाग समोर येईल. शिवाय कार्डाची मर्यादा १,५०,०००. त्यातले बहुतेक पैसे फोनमध्ये अडकले तर दवाखान्यात अडीअडचणीला कार्ड पुढं करता येणार नाही.

मुदत ठेवीला तर हातच लावू नका. घरखर्च महिना १८,००० आणि वडिलांचं काम रोजंदारीवर, असं तुम्ही लिहिलंय. ते १,२०,००० म्हणजे तुमच्या घराचे जवळपास सात महिने आहेत. आई-वडिलांचा आरोग्य विमा असल्याचं पत्रात कुठं दिसत नाही, म्हणजे आज ती ठेव हाच त्यांचा विमा आहे.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. १६ मेपर्यंतच्या नऊ ऑर्डरी हातात आहेत. त्या नऊ तारखांचा फोन कोल्हापुरात आजच अॅडव्हान्स देऊन बांधून टाका, म्हणजे ऐनवेळी फोन नाही अशी वेळ येणार नाही. नऊ लग्नांचे उरलेले ३७,८०० पगाराच्या खात्यात येऊच देऊ नका. वेगळं बचत खातं उघडा आणि ग्राहकांना त्याचाच क्यूआर द्या. जून-जुलैत तीन ऑर्डरी मिळाल्या तर आणखी १२,६००. हे झाले ५०,४००. नोव्हेंबरमध्ये, सराई सुरू होताना साधा १७ घ्या आणि उरलेले ३२,५०० सहा हप्त्यांत फेडा. हप्ता साधारण ५,४००, आणि तो सराई संपायच्या आत संपतो. भाडं गेलं की एका लग्नात तुमच्याकडे ५,४०० उरतील, म्हणजे महिन्याला एक लग्न हप्त्याला आणि बाकीची तुमची. आत्ता घेतलात तर जुलैअखेरपासून चार महिने फोन कपाटात राहील आणि घट मात्र चालूच राहील.

“मेमरी चिप महागल्यात, भाव वाढायच्या आत घ्या” असं दुकानदार सांगतोय. तो खोटं बोलत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपची मागणी ओढून घेतलीय आणि त्याची झळ फोनला बसतेय. पण किंमत पाच हजारांनी वाढली तरी ती एका लग्नाच्या कमाईत भरून निघते. थकलेल्या हप्त्यांचं तसं नाही.

फोन रिकाम्या दिवशी दुसऱ्यांना भाड्यानं द्यायचा विचार सोडून द्या. ज्या दिवशी भाड्याला मागणी असते त्याच मुहूर्ताला तुम्हालाही ऑर्डर असते. बाकीच्या दिवशी कुणी विचारत नाही. हळदीचं पाणी चार्जिंगच्या भोकात गेलं तर ते साध्या वॉरंटीत बसत नाही. तुमच्या हातून तसं झालं तर तुम्ही निस्तराल, दुसऱ्याच्या हातून झालं तर भांडण होईल. स्वतःच्या फोनला नुकसानभरपाईचं कवच मात्र पहिल्याच दिवशी घ्या. त्याचे पैसे मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, म्हणून नोव्हेंबरपासून दर ८,००० करा. स्वतःचा फोन आणि त्याच रात्री रील, एवढ्यावर तो मागता येतो.

राहिला मित्राचा सल्ला, की धंद्यासाठी फोन घेतला तर जीएसटी परत मिळतो. तो नोंदणी असलेल्याला मिळतो. तुमच्यासारख्या सेवेला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, आणि तुमची उलाढाल ९८,००० आहे. १,३४,९०० मधले साडेवीस हजार हा जीएसटीच आहे, आणि तो तुम्हाला परत येणार नाही. केवळ त्यासाठी नोंदणी करून विवरणपत्रांचा ताप मागे लावून घेऊ नका. प्राप्तिकराचं विवरणपत्र मात्र पगारासोबत हे उत्पन्न दाखवून यंदापासून भरा. नव्या करपद्धतीत तुम्हाला कर लागणार नाही, आणि दोन-तीन वर्षांनी नोकरी सोडून पूर्ण वेळ या धंद्यात उतरायचं ठरवलंत तर बँक सगळ्यात आधी तेच कागद मागेल. फोनचं बिल स्वतःच्या नावावर घ्या आणि जपून ठेवा.