टॉवेल बदलण्याचा निर्णय कोणाचा?

प्रश्न : मी महाबळेश्वरमधील एका हॉटेलचा व्यवस्थापक आहे. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, सूचनाफलक लावले; तरीही पाहुण्यांनी पुन्हा वापरण्यासाठी अडकवून ठेवलेले टॉवेल रोज धुलाईला जातात आणि ओला-सुका कचरा एकत्रच होतो. कर्मचाऱ्यांमध्ये पर्यावरणाची जाणीव कशी निर्माण करावी?

उत्तर : जाणीवच नाही, हे आपले गृहीतक आधी तपासावे, अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते, अशा अनेकांना पाण्याचे मोल आपण सांगण्याची गरज नसते. टॉवेल बदलला तर रूमबॉयला कोणी काही विचारत नाही. मात्र तो न बदलल्याबद्दल पाहुण्याने तक्रार केली, तर बोलणी त्यालाच खावी लागतात, म्हणून तो बिनधोक मार्ग निवडतो. अडकवलेला टॉवेल तसाच ठेवायचा, खाली टाकलेलाच न्यायचा आणि तक्रार आली तर उत्तर व्यवस्थापकाने द्यायचे, असा लेखी नियम करा आणि पहिल्या तक्रारीच्या वेळी तो स्वतः पाळा. अमेरिकेतील एका हॉटेलात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात असे सांगणारे कार्ड केवळ पर्यावरणरक्षणाच्या आवाहनापेक्षा अधिक परिणामकारक ठरले होते. पण पाहुण्याने दिलेली साथ आपणच वाया घालवली, तर तो ती पुन्हा कशाला देईल?

कचऱ्याचे वर्गीकरण तो निर्माण होतो तिथेच करण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हॉटेलांवरही टाकली. ऐन हंगामात एक पाहुणा खोली सोडतो आणि दुसरा दारात उभा असतो. अशा घाईत ट्रॉलीला एकच पिशवी असेल, तर वर्गीकरण होणार नाही. दोन पिशव्या लावा, खोलीमागे थोडा वेळ वाढवून द्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेगळा केलेला कचरा मागच्या दाराशी पुन्हा एकत्र होत नाही ना, हे स्वतः पाहा, कारण तसे होताना एकदा दिसले की कर्मचाऱ्यांचा विश्वास उडतो, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नाही.

विजेबाबत, रिकाम्या खोलीतील एसी बंद करणे हे आवरण्याच्या कामाचे पहिले पाऊल ठरवा. धुलाईच्या आणि विजेच्या बिलांचे आकडे दरमहा कर्मचाऱ्यांसमोर ठेवा आणि बचतीतील ठरावीक वाटा त्यांना द्या. कष्ट त्यांचे आणि लाभ केवळ मालकाचा, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही.