यांना कधी काय होईल, सांगता येत नाही

"यांनी फोन उचलला नाही की माझे हातपाय गळतात. रात्री उठून श्वास चालू आहे ना ते बघते. असं किती दिवस जगायचं?" वैशालीताईंचा (नावं बदलली आहेत) हा प्रश्न. जोडीदाराला जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी असलेल्या अनेकांकडून समुपदेशनात मी तो ऐकते.

त्यांच्या यजमानांना, शरदरावांना, गहू खाऊन लगेच अंगमेहनत झाली की अ‍ॅलर्जीची अचानक येणारी जीवघेणी प्रतिक्रिया, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस होतो. नुसती पोळी पचते, नुसतं भरभर चालणंही सोसतं. दोन्ही एकत्र आलं किंवा जोडीला एखादी वेदनाशामक गोळी पोटात गेली, की अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. तेही दर वेळी नाही. रोज पोळी खाणाऱ्या माणसाला गव्हाची अ‍ॅलर्जी असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? त्यामुळे निदानालाही बराच वेळ लागला.

निदान झालं, घरात भाकरी सुरू झाली, पण वैशालीताईंची भीती वाढतच गेली. बाजारच्या हिंगात मैदा असतो हे कळल्यावर त्यांनी हिंगाची डबीच टाकून दिली. लग्नकार्यं बंद, माहेरचा मुक्काम बंद. दिवसभर एकच, "बरं वाटतंय ना?" शरदरावांशी मी वेगळी बोलले, तेव्हा ते म्हणाले, "आता जरा खाजलं तरी मी सांगत नाही. ती घाबरते, रडते, आणि मग काय खाल्लंत म्हणून मलाच बोलते."

मला खरा धोका इथे दिसला. या आजारात पहिली काही मिनिटं सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच हा माणूस लपवालपवीत घालवणार होता.

भीती घालवून देते, असं मी त्यांना म्हटलं नाही. "काही होत नाही, पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्या नातेवाइकांचा त्यांना संताप यायचा, आणि तो रास्तच होता. भीतीला कारण होतं. पण पहारा एकटीने द्यायचा नाही आणि त्यातला पहिला वाटा शरदरावांचा, एवढं आम्ही ठरवलं.

अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडून आणीबाणीत काय करायचं ते कागदावर लिहून घेतलं. आधी अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, इंजेक्शनने. मग 108 ला फोन. आडवं झोपवून पाय उंच करायचे. दम लागत असेल तर बसू द्यायचं. पण उभं करायचं नाही, गाडीपर्यंत चालवत न्यायचं नाही. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. अ‍ॅव्हिलच्या गोळीने खाज थांबते, पण कोसळणारा रक्तदाब आणि कोंडणारा श्वास तिच्या आवाक्यातले नाहीत. घरोघरी आधी तीच शोधली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

तयार पेनसारखं इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. औषधाची काचेची बंद कुपी, म्हणजे अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंज वापरावी लागते. "हात थरथरला तर?" ही वैशालीताईंची सगळ्यात मोठी धास्ती. दवाखान्यातल्या सिस्टरांनी त्यांना डिस्टिल्ड वॉटरच्या अ‍ॅम्प्यूल दिल्या. कुपीची मान मोडायची, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या खुणेपर्यंत भरायचं, हवा काढायची. पहिली बोटांतच फुटली. हात बसेपर्यंत त्या करत राहिल्या. कॉलेजात जाणारा मुलगाही शिकला.

मग नवरा-बायकोचा करार. अंग खाजायला लागलं की शरदरावांनी त्याच क्षणी सांगायचं. वैशालीताईंनी "काय खाल्लंत?" न विचारता इंजेक्शनचा डबा आणायचा, चौकशी नंतर डॉक्टर करतील. एक डबा शरदरावांच्या ऑफिसच्या बॅगेत, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळं माहीत. "बरं वाटतंय ना?" मात्र बंद. हे त्यांना इंजेक्शनपेक्षाही जड गेलं. प्रश्न ओठांवर आला की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या.

पुढे एका लग्नाच्या पंगतीत शरदराव स्वतःहून म्हणाले, "मानेला खाज येतेय." डबा काढून दोघं बसून राहिले. तेवढ्यावरच निभावलं. "त्यांनी सांगितलं, यातच मला धीर आला," असं वैशालीताई म्हणाल्या.

आता त्या साताऱ्याला आईकडे मुक्कामाला जातात. रात्रीची झोप अजून नीट लागत नाही. त्यासाठी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं आहे, आणि आमच्या भेटी चालू आहेत.