रिपोर्ट मुलीचा आहे, आधी तिला दाखवा

डिचोली तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं होतं. थोडक्यात असं: मुलगी बारावी सायन्स झाली, ७८ टक्के, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायो चारही विषय. आईला सात वर्षांपासून लुपस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार), बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, उपचार चालू, गेल्या वर्षी किडनीची बायॉप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) पण झाली. मुलीला सेमीकंडक्टरच्या नॅनो कणांवर रिसर्च करायचाय आणि त्यातून लुपसची टेस्ट बनवायचीय. वडिलांचं म्हणणं, जवळच्या कॉलेजात बीएस्सी, मग बीएड, मग घराजवळच्या शाळेत नोकरी. का, तर त्यांच्याच शब्दांत: "गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन बघूया म्हणून सांगून बायची एएनए करून घेतली. पॉझिटिव्ह आली, १:८०. तिला सांगितलेलं नाही. तिलाही आईसारखंच होणार असेल तर एवढं मोठं शिक्षण झेपणार कसं? हे तुझ्याकडून होणार नाही असं तुम्ही लिहून द्या, मी तिला दाखवतो."

(हे उत्तर आधी वडिलांनाच पाठवलं होतं. घरात सगळं बोलून झाल्यावर बाप-लेक दोघांच्या परवानगीने आता इथे टाकतेय, ओळख पटेल असं बाकी सगळं काढलंय.)

नमस्कार,

मार्कांचं, कॉलेजचं नंतर बोलू, त्याची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीची, हिमोग्लोबिन बघूया म्हणून सांगितलं. मुलगी विश्वासाने हात पुढे करून बसली आणि तिच्या रक्ताची भलतीच तपासणी झाली, तिचा रिपोर्ट तुमच्या कपाटात, आणि त्या रिपोर्टवरून तिच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा निर्णय घेतला जातोय आणि तिला याचा पत्ताच नाही. आता त्यात मी पण सामील व्हावं असं तुम्ही म्हणताय. तिच्याकडून होणार नाही असं मी लिहून देणार नाही. एक तर ते खरं नाही, आणि दुसरं म्हणजे ज्या मुलीला मी एकदाही भेटलेले नाही तिला मागे खेचायला माझं नाव वापरलं जावं हे मला मान्य नाही.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. सात वर्षं तुम्ही बायकोचं बघताय, कधी सकाळी सांधे आखडून कपबशी उचलवत नाही, कधी कारण नसताना ताप, मग स्टेरॉइडने सुजलेला चेहरा, मग किडनी, अशा घरातला बाप मुलीचं बोट दुखलं तरी दचकणारच. लुपस झालेल्या दहातल्या नऊ बायका असतात हेही तुम्ही कुठेतरी वाचलं असणार. पण म्हणून भीतीलाच निदान समजायचं का?

मी डॉक्टर नाही, पण या रिपोर्टबद्दल जे सर्वांना माहीत असायला हवं ते सांगते. एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी. लॅबमध्ये रक्तातलं सीरम पातळ करत करत पेशींवर घालतात आणि मायक्रोस्कोपखाली चमक दिसते का ते बघतात, ऐंशी पट पातळ केल्यावरही दिसली तर १:८०. आता १९९७ सालचा एक अभ्यास आहे, पंधरा लॅबनी मिळून ठणठणीत माणसांचं रक्त असंच तपासलं, तर १:८० ला साधारण १३ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह निघाली, १:४० ला तर जवळजवळ ३२ टक्के. म्हणजे तुमच्या साखळी शहराच्या बाजारात उभं राहून भेटेल त्याची टेस्ट केली तरी पॉझिटिव्ह बरेच सापडतील आणि त्यातल्या बहुतेकांना लुपस कधीच होणार नाही. घरात कुणाला लुपस असेल तर नातेवाइकांत हे प्रमाण आणखी वाढलेलं दिसतं, त्यांना आजार नसतानाही. २०१९ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या तज्ज्ञांनी मिळून जे निकष ठरवले त्यात १:८० ची एएनए म्हणजे फक्त पुढचं तपासायची परवानगी आहे, त्यानंतर त्वचा, सांधे, रक्तातल्या पेशी, किडनी, डीएसडीएनए (म्हणजे डीएनएविरुद्धच्या) अँटीबॉडी, सी-३, सी-४ ही रक्तातली प्रथिनं असं सगळं बघून गुण देतात, ते दहा किंवा त्याहून जास्त झाले तर गोष्ट पुढे जाते. तुमच्या मुलीला यातला एकही त्रास असल्याचं तुमच्या पत्रात नाही. आईला लुपस असलं की मुलीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं, पण लुपस असलेल्या आयांच्या बहुतेक मुलींना लुपस होत नाही हेही तितकंच खरं. तो रिपोर्ट घेऊन तिच्या आईच्या डॉक्टरांकडे जा, मुलीला सोबत घेऊन जा. आणि पुन्हा पुन्हा दुसऱ्या लॅबमध्ये एएनए करत बसू नका, त्यातून फक्त झोप उडते.

आणि समजा, देव न करो, उद्या तिला लुपस झालंच. मग काय? हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे लुपसचं नेहमीचं औषध घेत, उन्हाला जपत, वेळच्या वेळी तपासण्या करत कितीतरी बायका नोकऱ्या करतात, शिकतात, संसार करतात, तुमच्या घरातच एक जण सात वर्षं करतेय. शिक्षण कमी केल्याने लुपस टळत नाही. दिवसभर उभं राहून साठ मुलांच्या वर्गाला शिकवणं हे प्रयोगशाळेपेक्षा हलकं काम आहे असं ज्याने ठरवलं त्याने एकदा कुठल्याही शिक्षिकेला विचारावं. तिला स्वतःला शिकवायचं असेल तर बीएड उत्तम आहे, पण दुखण्याच्या भीतीने कुणाला शिक्षक करू नका, तो त्या मुलांवरही अन्याय आहे.

आता आणखी एक, जे तुम्ही पत्राच्या शेवटी अगदी सहज लिहिलंय. "ती गेली तर आईला गोमेकॉत कोण नेणार?" आणि त्याच पत्रात वर असं आहे की मोठा मुलगा पुण्याला इंजिनीअरिंग करतोय. त्याला पाठवताना हा प्रश्न कुणी विचारला होता का? मला वाटतं नाही विचारला, आणि विचारला नाही हे ठीकच झालं, मुलगा शिकतोय चांगली गोष्ट आहे, पण मग मुलीच्या वेळी हा प्रश्न तिच्या डिग्रीला का चिकटतो? ओपीडीचे दिवस आधी माहीत असतात. तुम्ही आहात, मुलगा सुट्टीत असतो, नातेवाईक आहेत, वाटून घ्या. तिलाही करू द्या, ती करतेच आहे, पण तिचं ते कर्तव्य म्हणून तिचं शिक्षण त्याला बांधू नका. आणि तिच्या आईला यातलं काय काय माहीत आहे? पत्रभर आई फक्त पेशंट म्हणून दिसते, तिचं मत कुठेच नाही. माझ्यामुळे मुलगी घरी बसली असं ओझं त्या बाईंना हवंय का, हे तरी विचारा.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय. बायॉप्सीच्या वेळी मुलीने डॉक्टरांना विचारलं, "दरवेळी सुईच घालावी लागणार का, लघवीतून कळत नाही का?" आणि तुम्ही तिला गप्प केलंत. अहो, हा प्रश्न जगभरातले संशोधक विचारतायत! लघवीतलं प्रोटीन वाढलं हे कळतं, पण ते आत्ताच्या सुजेमुळे की किडनीतल्या जुन्या व्रणामुळे हे त्यावरून नीट कळत नाही म्हणून बायॉप्सी लागते, आणि म्हणून एमसीपी-१, एनगॅल, सीडी-१६३ अशी प्रथिनं लघवीत मोजून किडनीत काय चाललंय ते ओळखता येईल का यावर काम चालू आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने आईच्या खाटेजवळ उभं राहून तिथपर्यंत पोचावं आणि आपण तिला गप्प बस म्हणावं, हे मला फार लागलं.

आणि तिचं ते नॅनोचं वेड पण हवेतलं नाही. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना क्वांटम डॉट्ससाठी, म्हणजे याच सेमीकंडक्टरच्या नॅनो कणांसाठी, मिळालं ते तिने तुम्हाला सांगितलंच असेल. सेमीकंडक्टरचा कण काही नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) केला की आतल्या इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते आणि मग कण कुठला रंग देणार हे त्याच्या आकारावर ठरायला लागतं, पदार्थ तोच, कॅडमियम सेलेनाइड, पण दोन नॅनोमीटरच्या आसपासचा कण निळसर आणि सहाचा लाल. एकच अतिनील दिवा टाकला की वेगवेगळ्या मापाचे कण आपापल्या रंगात उजळतात, प्रत्येक रंगाला वेगळी अँटीबॉडी चिकटवली तर एकाच नमुन्यात चार-पाच मार्कर, म्हणजे आजाराच्या खुणा, एकदम मोजायची सोय होते. लुपससाठी हे महत्त्वाचं का, तर एकटा कुठलाच मार्कर पुरत नाही, तुमच्या कपाटातला तो १:८० हाच त्याचा पुरावा. अडचणी आहेत, कॅडमियम विषारी आहे म्हणून इंडियम फॉस्फाइडसारखे दुसरे पदार्थ वापरून बघतात, सिलिकॉनच्या नॅनोवायरवर, म्हणजे अतिसूक्ष्म तारेवर, मोजायला गेलं तर रक्तातले क्षार सिग्नल दाबून टाकतात. हॉस्पिटलात आजही त्याच नेहमीच्या टेस्ट होतात. म्हणजे काम शिल्लक आहे, भरपूर.

तुमचा एक मोठा गैरसमज मात्र काढायला हवा. तुम्ही लिहिलंय की आजारावर संशोधन करायचं तर एमबीबीएस पाहिजे आणि सेमीकंडक्टर म्हणजे चिपची फॅक्टरी, तिथे इंजिनीअर लागतात, त्यामुळे बीएस्सी करून दोन्हीकडे दार बंद. उलट आहे. असली टेस्ट कुणी एकटा बनवतच नाही, कण बनवणारा केमिस्ट्री किंवा फिजिक्सचा असतो, त्यावर अँटीबॉडी बसवणारा बायोकेमिस्ट्रीचा, रुग्णांचे नमुने आणि आजाराची समज डॉक्टरांची, आकडे खरे बोलतात का हे सांगायला स्टॅटिस्टिक्सवाला. तुमच्या मुलीने चारही विषय ठेवलेत म्हणजे ती यातल्या दोघा-तिघांशी त्यांच्या भाषेत बोलू शकेल, आणि अशी माणसं कमी असतात. मेडिकलची नीट परीक्षा परत परत देऊन वर्षं घालवायची काही गरज नाही. आणि अशा प्रोजेक्टमध्ये तिला सुरुवातीलाच काय शिकवतील माहितीये? एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय आणि त्या माणसाला नीट समजावून लेखी संमती घेतल्याशिवाय कुणाच्या रक्ताचा एक थेंबही घ्यायचा नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत तर सात ते अठरा वर्षांच्या मुलांनाही त्यांच्या वयाला समजेल असं सांगून त्यांचा होकार घ्यावा लागतो, आईबापांची सही असली तरी. हे ती शिकेल तेव्हा तिला घरची ती हिमोग्लोबिनची टेस्ट आठवू नये असं वाटत असेल तर आत्ताच बोला.

रस्ते नेहमीचेच आहेत: गोव्यातच फिजिक्स किंवा केमिस्ट्रीत बीएस्सी, नाहीतर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांसाठी त्यांची आयएटी ही प्रवेश परीक्षा, पुढे एमएस्सीची जॅम परीक्षा देऊन किंवा ताळगावला गोवा विद्यापीठात एमएस्सी, मग नेट किंवा गेट या परीक्षा आणि पीएचडी. ७८ टक्क्यांनी यातलं काही अडत नाही. पीएचडीला पैसे घालावे लागतात असं तुम्हाला वाटतंय, तर जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली की सध्या महिना ३७,००० रुपये मिळतात. काळ लांब आहे हे मात्र खरं, आणि या विषयासाठी कधीतरी पुणे, मुंबई, बंगळूर असं बाहेर पडावं लागेल, गणेश चवथीला घरी येईल. तिला हे पण आधीच सांगा, की रिसर्चमध्ये वर्षानुवर्षं काहीच हाती लागत नाही असंही होतं, आणि तिने बनवलेली टेस्ट आईच्या उपयोगी पडेल याची कुणी खात्री देऊ शकत नाही. आईला बरं करायची जबाबदारी तिने स्वतःहून डोक्यावर घेतली असेल तर ती उतरवायचं काम तुमचं. तिने हा विषय आवडतो म्हणून करावा, आईचं ऋण फेडायला नको.

तर आधी फॉर्म नको, आधी बोलणं. येत्या रविवारी तुमचं दुकान बंद असेल तेव्हा तिला आणि तिच्या आईला समोर बसवा, रिपोर्ट काढून तिच्या हातात द्या, "मी घाबरलो होतो, तुला न विचारता हे केलं, चुकलं माझं" एवढं म्हणा. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, चिडू द्या. मग डॉक्टरांची वेळ घ्या, आणि तिथे काय विचारायचं ते तिला विचारू द्या, या वेळी गप्प करू नका. मला पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, फिजिक्स घ्यायचं की केमिस्ट्री असं काही विचारायचं असेल तर मी तिच्याशी बोलेन, तुमच्यामार्फत नाही.