लष्करी रडारसारखं अवजड आणि नाजूक यंत्र समुद्रमार्गे परदेशी कसं पाठवतात?

तुमचा प्रश्न असा आहे की एवढं मोठं आणि एवढं नाजूक रडार बोटीने पाठवणं धोक्याचं नाही का, विमानाने का नेत नाहीत. मी बरीच वर्षं न्हावाशेवा आणि मुंबई बंदरात प्रोजेक्ट कार्गोचं (म्हणजे अवजड, नेहमीच्या मापात न बसणाऱ्या मालाचं) काम केलं आहे. मोठी इलेक्ट्रॉनिक यंत्रं क्रेटमध्ये, म्हणजे मोठ्या लाकडी खोक्यात, बसवून बोटीवर चढवणं हेच काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमानात मावणारं आणि घाईचं असेल ते विमानाने जातं. बाकीचं बोटीने. आकार कितीही मोठा असला तरी समुद्रावर वाट निघते, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेचं एसबीएक्स हे क्षेपणास्त्रांचा माग काढणारं रडार. ते एका अर्ध-बुडीत तराफ्यावर उभं आहे. तराफ्याचं डिझाइन नॉर्वेचं, सांगाडा रशियातल्या व्हिबोर्गच्या गोदीतला, मुळात तेलविहिरीसाठी बांधलेला. टेक्ससमध्ये त्यावर रडार चढवलं. तळापासून घुमटाच्या टोकापर्यंत उंची ८५ मीटर, लांबी ११६ मीटर, आणि नुसत्या रडारचं वजन सुमारे १,८०० टन. तराफ्याला स्वतःची इंजिनं आहेत, पण फार संथ. म्हणून २००५ च्या अखेरीस तो अख्खा 'ब्लू मार्लिन' या हेवी लिफ्ट जहाजाच्या पाठीवर ठेवला.

ही जहाजं चालतात कशी, ते पाहण्यासारखं असतं. जहाज आपल्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतं आणि त्याचं सपाट डेक पाण्याखाली जातं. मग माल तरंगत त्याच्यावर आणायचा, जागेवर धरून ठेवायचा आणि पंप लावून पाणी काढायचं. डेक वर येतं आणि माल आधी मांडून ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यांवर अलगद बसतो. त्यानंतर लोखंडी आधार वेल्डिंगने डेकला जोडतात. क्रेन लागतच नाही. (एवढं वजन उचलणारी क्रेन आणणार तरी कुठून!)

तेव्हाच्या पनामा कालव्याच्या दारांची रुंदी ३३.५ मीटर आणि ब्लू मार्लिन ६३ मीटर रुंद. त्यामुळे दक्षिण अमेरिकेला पूर्ण वळसा घालून, सुमारे १५,००० मैलांचा प्रवास करून ते ९ जानेवारी २००६ ला हवाईच्या पर्ल हार्बरमध्ये पोहोचलं.

पण असं रडार एखादंच. बहुतेक रडार सुटे भाग करून जातात: अँटेना वेगळी, इलेक्ट्रॉनिक्सची केबिन वेगळी, जनरेटर आणि कूलिंग युनिट वेगळं. बरीच आधुनिक रडार ट्रकवरच बसवलेली असतात, ती चाकांवरच जहाजात शिरतात. कंटेनरात न मावणारी अँटेना फ्लॅट रॅकवर, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर, जाते. तिचं लॅशिंग, म्हणजे माल हलू नये म्हणून केलेली बांधणी, साध्या मालासारखं करून भागत नाही. खवळलेल्या समुद्रात मालावर आडव्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर येऊ शकतो, असं धरूनच बांधणी करावी लागते.

एसबीएक्ससारख्या एक्स-बँड (रेडिओ लहरींचा एक पट्टा) रडारच्या लहरीची लांबी सुमारे ३ सेंटीमीटर. अँटेनाचा पृष्ठभाग एखाद्या ठिकाणी १ मिलिमीटर सरकला तर तिथल्या लहरीची कला (फेज, म्हणजे बाकीच्या लहरींशी असलेला मेळ) १२ अंशांनी चुकते. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही, पण रडारची नजर अधू होते. म्हणून अँटेना दोरखंडाने थेट कधीच बांधत नाहीत. तिची स्वतःची पोलादी चौकट असते आणि लॅशिंग त्या चौकटीला करतात. क्रेटवर धक्का लागला की रंग बदलणारे शॉक इंडिकेटर लावतात.

कागदांचं काम याहून किचकट आहे. भारतातून लष्करी रडार बाहेर जायचं तर ते 'स्कोमेट' (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची सरकारी यादी) यादीच्या सहाव्या वर्गात येतं आणि परवानगी संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाकडून घ्यावी लागते. घेणाऱ्या देशाचं एंड यूजर सर्टिफिकेट, म्हणजे माल शेवटी कोण वापरणार याचा दाखला, लागतं. शिवाय जहाज वाटेत कुठल्या बंदरांना लागणार, हे आधी पाहावं लागतं. आपल्याकडे परवाना असला तरी वाटेतला देश त्याच्या कायद्याने माल अडवू शकतो. म्हणून शक्यतो मधल्या बंदरात माल दुसऱ्या जहाजावर न चढवता थेट जाणारं जहाज बघायचं.

आता ओलाव्याबद्दल, कारण सगळे वादळाची काळजी करतात आणि नुकसान मात्र गुपचूप ओलावा करतो. पावसाळ्यात मुंबईत भरलेला कंटेनर थंड समुद्रात गेला की आतल्या हवेतलं पाणी छताला धरतं आणि थेंब थेंब मालावर पडतं. ४० फुटी कंटेनरातल्या हवेतून असं लिटर-दीड लिटर पाणी निघू शकतं. पण खरा साठा असतो लाकडात. अर्धा टन ओलसर लाकडात ऐंशी लिटरच्या आसपास पाणी असतं.

एका कामात आम्ही इथेच फसलो. क्रेटच्या फळ्यांवर निर्यातीचा रीतसर शिक्का होता, म्हणून लाकूड चांगलं आहे असं मी धरून चाललो. तो शिक्का एवढंच सांगतो की लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून किंवा औषध देऊन कीड मारली आहे. ते सुकं आहे असं तो सांगत नाही. शिवाय ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्यांचं बाहेरचं प्लॅस्टिक कुणी काढलंच नव्हतं. पलीकडे क्रेट उघडलं तेव्हा आतून बुरशी होती आणि अ‍ॅल्युमिनियमच्या वेव्हगाइडच्या (रडारच्या लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळ्यांच्या) तोंडांवर गंजाची पांढरी पूड. ते यंत्र बसवायला आलेल्या माणसांचे चेहरे मी फोटोतच पाहिले, पण विसरलो नाही.

त्यानंतर माझ्या प्रत्येक कामात फळीफळीला मॉइश्चर मीटर लागला, वेव्हगाइडच्या तोंडांना टोप्या बसल्या आणि यंत्र अ‍ॅल्युमिनियमच्या पिशवीत हवा ओढून सील झालं. पिशवीला छोटी खिडकी असते, तिच्यातून ओलावा दाखवणारं कार्ड दिसतं. निळं म्हणजे कोरडं, गुलाबी झालं म्हणजे आत ओल शिरली. ट्रेलर बंदराच्या गेटमधून आत जाण्यापूर्वी ते कार्ड मी स्वतः बघायचो, आणि पलीकडे माल उतरल्यावर त्याचाच फोटो सगळ्यात आधी मागवायचो.